लिहिताना अडलं की हात फोनकडेच जातो: बिघाड कुठे आहे आणि काय करायचं

तक्रार साधारण अशी असते. कथा मे महिन्यात सुचलेली असते. पहिली दोन पानं झपाट्यानं होतात. मग दर रविवारी वही उघडली जाते, एखादं वाक्य होतं, आणि पाऊण तासानं भान येतं तेव्हा हातात फोन असतो. समोर कुणाच्या तरी पुस्तक प्रकाशनाचे फोटो असतात. वही मिटते. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. जुलै संपतो, दिवाळी अंकाची मुदत उलटते, आणि माणूस स्वतःची समजूत घालतो की आपल्यात ते नाहीच.

दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा वाचणं आणि नव्या लेखकांबरोबर त्यांच्या खर्ड्यांवर बसणं हे माझं काम आहे, त्यामुळे ही तक्रार माझ्याकडे दर पावसाळ्यात येते. चित्र काढणाऱ्यांकडून येते, रियाज करणाऱ्यांकडूनही येते. प्रत्येकाला तोंडी सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते.

‘फोन बंद करा आणि मन एकाग्र करा’ हे उत्तर सगळ्यांना माहीत असतं आणि त्यानं कुणाचं फारसं सुटत नाही. कारण या एका तक्रारीखाली चार निरनिराळे बिघाड असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. आपला कुठला, ते आधी ओळखायला हवं.

आधी चिठ्ठी, मग उपाय

पुढच्या चार-पाच बैठकांना वहीशेजारी एक कोरा कागद ठेवा. फोन नेहमीच्याच जागी राहू द्या, मुद्दाम लांब ठेवू नका. बिघाड पकडायचा तर तो होऊ द्यायला हवा. हात फोनकडे गेला की कागदावर एक रेघ मारायची आणि तिच्यापुढे चार शब्दांत लिहायचं की त्या क्षणी काम कुठे होतं. ‘टिंग वाजलं.’ ‘आई दार उघडते की नाही?’ ‘परिच्छेद झाला, बरा वाटतोय.’ ‘अजून बसलेच नाही.’ एवढंच. फोनवर किती वेळ गेला ते लिहू नका. तो हिशेब फोन स्वतःच ठेवतो, आणि तो आकडा बघून अपराधी वाटण्यापलीकडे हाती काही लागत नाही.

मग कागद सलग वाचा. बहुतेकांच्या रेघा एकाच प्रकारात गोळा झालेल्या दिसतात. वाजला म्हणून उचलला, हा पहिला प्रकार. वाक्य अडलं म्हणून उचलला, हा दुसरा. काहीतरी जमलं म्हणून, म्हणजे कुणाला तरी दाखवायला उचलला, हा तिसरा. चौथ्या प्रकारात रेघा वही उघडण्याच्याही आधीच्या असतात: कामाला हातच लागलेला नसतो, कारण सकाळी फोनवर जे पाहिलं त्यानंतर आपलं लिहिणं क्षुल्लक वाटू लागलेलं असतं.

माझ्या पाहण्यात बहुतेक जण दुसऱ्या प्रकारचे असतात आणि स्वतःला पहिल्या प्रकारचे समजतात. मग ते सगळ्या सूचना बंद करतात, दोन दिवस बरं जातं, आणि तिसऱ्या दिवशी न वाजलेला फोनही हातात येतो.

वाजला म्हणून उचलला

हा सगळ्यांत सोपा बिघाड, म्हणून पटकन उरकते. अँड्रॉइडवर ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा आणि त्यातच घरच्या दोन-तीन माणसांना परवानगी द्या. कुणी पंधरा मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा फोन केला तर तो वाजू द्यायचा, अशीही सोय तिथे आहे. ‘मुलाच्या शाळेतून फोन आला तर?’ किंवा ‘सासूबाई दवाखान्यात आहेत’ ही काळजी तेवढ्यानं मिटते. व्हॉट्सॲपचे सोसायटीचे, शाळेचे, नातेवाइकांचे ग्रुप म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका. नवा संदेश आला तरी ते तिथेच राहतात.

फोन दुसऱ्या खोलीत ठेवण्यानं फरक पडतो का? 2017 मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या एड्रियन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. फोन मेजावर, खिशात आणि दुसऱ्या खोलीत ठेवून लोकांना बुद्धीच्या चाचण्या दिल्या. दुसऱ्या खोलीवाल्यांना त्या अधिक चांगल्या जमल्या, फोन गप्प असला तरीही. नंतरच्या काही प्रयोगांत हा परिणाम तितका ठळक दिसला नाही, तेव्हा त्यावर फार भिस्त ठेवू नका. तरी उठून दुसऱ्या खोलीत जावं लागलं की मध्ये आठ-दहा पावलं पडतात, आणि पुष्कळदा तेवढ्यात आपण कशाला उठलो हे लक्षात येतं. मला तो लाभ पुरेसा वाटतो.

अडलं म्हणून उचलला

इथे जरा थांबू, कारण खरी मेख इथे आहे.

कथा लिहिताना अडणं हा कामाचाच भाग असतो. पात्रानं आता काय करायचं ते ठरत नाही, दोन प्रसंगांमधला दुवा सापडत नाही, बोलणं खोटं वाटतं पण का ते कळत नाही. ज्या कथा मी अंकासाठी आनंदानं ठेवून घेते, त्यांतली चांगली जागा विचारली तर लेखक बहुतेक वेळा सांगतात की तिथे ते अडकले होते. सहज सुचलेलं पहिलं उत्तर वाचकालाही सहज सुचलेलं असतं. दुसरं, तिसरं उत्तर यायला वेळ लागतो आणि तो वेळ दिसायला रिकामा असतो. पूर्वी त्या वेळात माणूस खिडकीबाहेर बघायचा, पेन्सिलीला टोक करायचा, चहाचं आधण ठेवायचा.

ग्रॅहम वॉलस या इंग्रज अभ्यासकानं 1926 मध्ये सर्जनाच्या चार पायऱ्या मांडल्या: तयारी, मुरणं, अचानक उलगडणं आणि तपासून घेणं. पैकी मुरण्याच्या पायरीवर वरवर काहीच घडत नसतं. 2012 मध्ये बेंजामिन बेअर्ड आणि सहकाऱ्यांनी त्यावर एक प्रयोग केला. नेहमीच्या वस्तूंचे अनोखे उपयोग सुचवा, असं लोकांना सांगितलं; मग मध्ये काहींना अगदी सोपं, मन भरकटू देणारं काम दिलं, काहींना डोकं लावावं लागेल असं काम दिलं, काहींना नुसतं बसवलं, काहींना मधली सुट्टीच दिली नाही. नंतर त्याच वस्तू पुन्हा समोर ठेवल्या तेव्हा सोपं काम केलेल्यांची प्रगती सगळ्यांत जास्त होती.

आपल्या भाषेत सांगायचं तर मेथी निवडणं, शेंगा सोलणं, कपड्यांच्या घड्या घालणं. हात गुंतलेले, डोकं मोकळं. रील्स बघणं त्याच जातीचं वाटतं, पण ते उलट आहे: हात मोकळे आणि डोकं गुंतलेलं. दर काही सेकंदांनी नवा चेहरा, नवं गाणं, नवा वाद. आईनं दार उघडायचं की नाही हा प्रश्न डोक्यात मुरायला जागाच उरत नाही.

त्यात थांबायचं कुठे हेही कळू दिलेलं नाही. पूर्वी वेबसाइटवरचं पान संपलं की ‘पुढे’ हे बटण दाबावं लागायचं. 2006 मध्ये आझा रास्किन या डिझायनरनं न संपणाऱ्या पानाची रचना केली, आणि पुढे तीच सगळ्या ॲपनी उचलली. सोफी लरॉय या संशोधिकेनं 2009 मध्ये दाखवलं होतं की काम अर्धवट सोडून दुसरं हाती घेतलं की पहिल्याचा थोडा अंश लक्षात चिकटून राहतो आणि दुसऱ्या कामाला तेवढा फटका बसतो. माझा तर्क असा की जे पान कधी संपतच नाही ते दर वेळी अर्धवटच सोडावं लागतं. वहीकडे परत येताना काहीतरी चिकटलेलंच असतं.

म्हणून या प्रकारात फोन लांब ठेवणं हा अर्धा उपाय झाला. अडण्याच्या क्षणी करायला दुसरं काही हवं. लेखकांना मी सांगते ते असं.

अडलं की वहीच्या डाव्या पानावर, साध्या बोलीत, काय अडलंय ते लिहायला लागा. ‘सुमन दार उघडते की नाही हे मला ठरवता येत नाहीये, कारण तिनं उघडलं तर भांडण आत्ताच होणार आणि मला ते शेवटी हवंय, पण मग ती आत बसून काय करते?’ असं. भाषा सुधारायची नाही, कुणाला दाखवायचं नाही. अर्ध्या पानात निम्म्या अडचणी सुटतात आणि उरलेल्या निदान नावानिशी कळतात. पुढची बैठक त्या नावापासून सुरू होते.

डाव्या पानावरही काही येत नसेल तर जुना नियम: लिहायलाच पाहिजे असं नाही, पण दुसरं काहीही करायचं नाही. खुर्चीत बसा, भिंत बघा. पहिली दहा मिनिटं फार वाईट जातात. हात अक्षरशः शिवशिवतात. हा भाग सोसण्यावाचून इलाज नाही आणि तो सोपा आहे असं मी कुणाला सांगत नाही. दहा-पंधरा मिनिटांनंतर कंटाळाच इतका येतो की वाक्य लिहिणं त्यातल्या त्यात बरं वाटू लागतं. अगदीच जमेना तर उठून मेथी निवडा, पण कानात काही न घालता. पॉडकास्ट लावून निवडलेली मेथी या कामाची नाही.

आणखी एक चोरवाट असते: माहिती शोधण्याची. कथा 1972 च्या दुष्काळातली आहे, खडी फोडायच्या कामावर मजुरी काय मिळायची ते बघायचंय. कारण रास्त असतं. पण शोध घ्यायला उघडलेला फोन मजुरी दाखवून थांबत नाही. खर्ड्यात त्या जागी ठळक फुली मारा आणि पुढे जा. सगळ्या फुल्या एका वेगळ्या दिवशी, शक्य झालं तर वाचनालयात बसून भरा. फुली राहिली म्हणून प्रसंग अडत नाही. मजुरी दोन रुपये की तीन, यावर बाईच्या मनात काय चाललंय ते ठरत नसतं.

जलरंगात काम करणाऱ्यांचा अडण्याचा क्षण वेगळा असतो: वॉश, म्हणजे रंगाचा पातळ ओला थर, वाळण्याचा. कागद ओला आहे, पुढचा रंग आत्ता टाकला तर पसरेल, पूर्ण वाळल्यावर टाकला तर कडा कडक येतील; मधली ती ओल दोन-चार मिनिटांचीच असते. तेवढ्यात ‘जरा बघू’ म्हणून फोन घेतला की ती ओल निघून जाते आणि दूरचा डोंगर कातरून चिकटवल्यासारखा दिसतो. जून 2020 अखेर भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामनं इथे रील्स आणले. तेव्हापासून तीस सेकंदांत अख्खं निसर्गचित्र होताना बघायची सवय नव्या मुलांना लागलीय. त्यात वाळण्याचा वेळ कापलेला असतो, पण शिकण्यासारखं बरंच त्याच वेळात असतं. कागद तिरका धरून त्यावरची चमक बघत बसणं, ती कधी मरते ते ओळखणं. एका वेळी दोन कागद ताणून ठेवा. एक वाळतोय तोवर दुसऱ्यावर हात चालू द्या.

गाणाऱ्यांची पंचाईत आणखी मोठी, कारण तानपुराच फोनमध्ये असतो. तबल्याचा ठेका, लेहरा (तालाच्या साथीला फिरत राहणारी धून), गुरुजींनी पाठवलेलं रेकॉर्डिंग, सगळं तिथेच. षड्ज लागेना की बोट स्क्रीनवर जातं आणि ॲप बदलतं. परवडत असेल तर इलेक्ट्रॉनिक तानपुरा घ्या. नाहीतर घरातला जुना फोन पुसून साफ करा, त्यात फक्त तानपुरा ठेवा, सिम काढा, वायफायचा पासवर्ड त्याला कधीच सांगू नका.

जमलं म्हणून उचलला

हे लोक कामसू असतात, म्हणून त्यांचा बिघाड लवकर लक्षात येत नाही. परिच्छेद छान झाला की फोटो काढून मैत्रिणीला, मग ग्रुपवर, मग फेसबुकवर. ‘आगामी कथेतून…’

फेसबुकवर लाइकचं बटण फेब्रुवारी 2009 मध्ये आलं. आता काम पूर्ण होण्याच्या कितीतरी आधी त्याला दाद मिळू शकते, आणि इथेच नुकसान होतं. सुरुवातीच्या परिच्छेदाला चाळीस जणांनी ‘अप्रतिम’ म्हटलं की तो परिच्छेद तुमच्या हातातून गेला. तिसऱ्या खर्ड्यात कळतं की कथा खरं तर दुसऱ्या पानापासून सुरू होते आणि ती सुरुवात काढायला हवी. पण ती काढवत नाही. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी कथांना असं एक नको असलेलं सुंदर तोंड असतं. विचारलं तर कळतं की ते आधीच कुठेतरी टाकून झालंय.

मानसशास्त्रज्ञ टेरेसा अमाबिले यांचा 1985 मधला प्रयोग इथे आठवतो. लिहिण्याची सवय असलेल्या 72 तरुणांना त्यांनी हायकूच्या धर्तीवरच्या छोट्या कविता लिहायला सांगितल्या. मध्ये एका गटाला लिहिण्याच्या बाहेरच्या कारणांची यादी क्रम लावायला दिली, म्हणजे पैसे, नाव, कौतुक. दुसऱ्या गटाला आतल्या कारणांची यादी दिली, म्हणजे शब्दांशी खेळण्याचा आनंद वगैरे. पाच मिनिटांचंच काम. त्यानंतरच्या कविता कवींकडून तपासून घेतल्या तेव्हा बाहेरच्या कारणांवर विचार केलेल्यांच्या कविता स्पष्ट कमी उतरल्या. पाच मिनिटं नुसतं कौतुकाच्या विचारात घालवल्यावर हे होतं, मग दिवसभर दर अर्ध्या तासानं कमेंट मोजल्या तर काय होत असेल?

आणि मोजल्याशिवाय राहवत नाही, याचंही कारण माहीत आहे. दाणा कधी मिळेल याचा नेम नसला की कबुतर चोच मारणं लवकर सोडत नाही, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी प्रयोगशाळेत दाखवून दिलं होतं. कमेंटही तशाच बेभरवशाच्या वेळी येतात.

उपाय कठोर वाटेल, पण तोच लागू पडतो: पूर्ण होईपर्यंत एकच वाचक. तो शक्यतो लाघवी नसावा. त्याला ‘कसं वाटलं?’ असं विचारायचं नाही. ‘वाचताना कुठे थांबलास, कुठे कंटाळलास, तिथे पेन्सिलीनं खूण कर’ एवढंच सांगायचं. खर्डा कागदावर द्या. व्हॉट्सॲपवर पाठवलात की हात जोडल्याची खूण परत येते आणि विषय संपतो. काही जमल्याचा आनंद दाबूही नका, नाहीतर तो दुसरीकडून बाहेर पडतो. डाव्या पानावर तारीख घालून लिहा: ‘आज दाराचा प्रसंग जमला.’

बसण्याआधीच हिरमुसलं

हा तुलनेचा बिघाड, आणि मराठीत त्याचा एक ठरलेला मोसम असतो. 1909 मध्ये का. र. मित्रांनी आपल्या ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा चालत आलीय, त्यात अलीकडे एक नवी रीत मिसळली आहे. ऑक्टोबर उजाडला की फेसबुकवर याद्या येतात: ‘यंदा माझं लेखन पुढील अंकांतून’, खाली सहा-सात मुखपृष्ठं एका चौकटीत. ज्याची एक कथा मेपासून अर्धवट पडलीय त्यानं ती यादी बघितली की महिनाभर पेन उचलत नाही.

ती यादी आतून कशी असते ते मला माहीत आहे, म्हणून सांगते. सातांतली एखादी कथा गेल्या वर्षी कुठून तरी साभार परत आलेली असते. एखादी चार वर्षं पडून असते. दोन लेख संपादकानं विषय देऊन मागवलेले असतात आणि ते आठवड्यात उरकलेले असतात. एखादा अंक मानधन देत नाही, दुसऱ्याचं येता येता होळी येते. हे सगळं एकाच सकाळी, एकाच चौकटीत दिसतं, म्हणून तो माणूस महिन्याला सात कथा लिहितो असं वाटतं. ‘साभार परत’चं पाकीट चौकटीत कुणी लावत नाही. लावावं असंही नाही. पण वाचणाऱ्यानं ते धरून चालावं.

मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी 1954 मध्ये मांडलं होतं की आपली पात्रता मोजायला ठोस माप नसलं की माणूस इतरांकडे बघून मोजतो, आणि तेही आपल्यासारख्याच इतरांकडे. नामवंत लेखकाला मोठा पुरस्कार मिळाला तर आपल्याला काही होत नाही. आपल्याच कार्यशाळेत शेजारी बसलेल्या मुलीचा कथासंग्रह आला की पोटात गोळा येतो. कथेला ठोस माप नसतंच, त्यामुळे ही ओढ जाणार नाही. ती कशावर खर्च करायची एवढं मात्र ठरवता येतं.

हेवा वाटला की एक प्रश्न विचारा: मला तिची कथा हवी होती की तिच्या कमेंट? कथा हवी असेल तर चांगलं लक्षण आहे. तो अंक मिळवा, कथा कागदावर वाचा, प्रसंग किती आणि कुठे कापले आहेत ते मोजा, सगळ्यांत आवडलेलं एक पान हातानं उतरवून काढा. उतरवताना हेवा बराचसा विरघळतो, कारण तिथे जादू नसून काम आहे हे हातालाच कळतं. कमेंट हव्या असतील तर तो माणूस काही दिवस नजरेआड करा. मैत्री तोडायची गरज नाही, आणि आपलं साहित्यिक जग इतकं लहान आहे की तोडलेली कळतेच. फेसबुकवर कुणालाही तीस दिवसांसाठी स्नूझ करता येतं, इन्स्टाग्रामवर म्यूट करता येतं. समोरच्याला ते कळत नाही. दिवाळीच्या आधी आठवडाभर हे करून ठेवा आणि ज्यांना स्नूझ केलंय त्यांचे अंक विकत घेऊन वाचा. लेखकाला ते तुमच्या लाइकपेक्षा जास्त उपयोगी.

सकाळी उठल्याबरोबर फोन बघणारे बहुतेक याच प्रकारात सापडतात. त्यांना मी एवढंच सांगते की दिवसाचं पहिलं वाचन स्वतःच्या खर्ड्याचं असू द्या, कालचं अर्धं पान का होईना. रात्री झोपताना वाक्य मुद्दाम अर्ध्यावर सोडलेलं असेल तर हे सोपं जातं.

फोनवरच लिहिता, तर?

मराठीत असे लेखक पुष्कळ आहेत. लॅपटॉप घरात एक, तो मुलांच्या अभ्यासाला. कथा फोनवरच्या नोंदवहीत, लोकलमध्ये किंवा स्वयंपाकघरात उभ्यानं लिहिलेली. त्यांना ‘फोन दुसऱ्या खोलीत’ सांगणं म्हणजे ‘वही दुसऱ्या खोलीत’ सांगण्यासारखं आहे. त्यांनी विमान मोड लावून लिहावं. नोंदवही त्यातही चालते. किंवा पहिला खर्डा पाठकोऱ्या कागदांवर करावा आणि नंतर बोलून टंकलेखन करावं. बोलताना कानाला खटकणारी वाक्यं आपोआप सापडतात, हा वरचा नफा.

उपाय केले, तरी परत तेच

ॲप काढून टाकलं आणि पंधरा दिवसांनी दुप्पट वेगानं परत आलं: नेहमीचा अनुभव. काढण्यापेक्षा आत जाणं कष्टाचं करा. लॉग आउट करा, पासवर्ड लांबलचक ठेवा आणि तो फक्त घरातल्या डायरीत लिहा. ॲपवर वेळेची मर्यादा लावलीत पण ती ओलांडायचं बटण डोळे मिटून दाबता येऊ लागलं असेल, तर ती मर्यादा काढून टाका. नुसती सवय लागते. स्क्रीन करडी करण्याचा उपाय काहींना लागू पडतो, मला त्याचं फारसं कौतुक नाही. इन्स्टाग्राम सुटलं आणि यूट्यूब लागलं असेल तर यूट्यूबचा पाहण्याचा इतिहास बंद करून पुसून टाका. 2023 पासून तसं केलं की पहिलं पान जवळजवळ कोरं येतं आणि हवं ते शोधूनच बघावं लागतं.

फोन खरोखर दूर आहे, दोन-तीन आठवडे बैठका नेमानं होताहेत, आणि तरी काही हलत नाही? मग दोष फोनचा नाही. बहुधा कथाच तुमच्यासाठी थंड झालीय. ती बाजूला ठेवून दुसरी घ्या, यात काही बिघडत नाही. आणि केवळ लिहिणंच नव्हे तर जेवण, झोप, माणसांत मिसळणं, सगळ्यावरचंच मन उडालं असेल, तर तो या लेखाच्या पलीकडचा विषय आहे. डॉक्टरांशी बोला, किंवा केंद्र सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन करा. तिथे मराठीतही बोलता येतं.

कामच इन्स्टाग्रामवरून येत असेल तर

मुखपृष्ठं करणारे, बोधचित्रं काढणारे, मेंदी आणि रांगोळीची कामं घेणारे यांना हे सगळं वाचून हसू येईल, कारण त्यांचं गिऱ्हाईकच तिथे असतं. त्यांनी टाकण्याचा दिवस आणि करण्याचा दिवस वेगळे ठेवावेत. आठवड्याच्या पोस्ट एका बैठकीत तयार करून संगणकावरून वेळ लावून ठेवता येतात. त्यासाठी फीड उघडावी लागत नाही. 2021 पासून इन्स्टाग्रामवर लाइकचे आकडे लपवायची सोय आहे, ती लावा. गिऱ्हाइकांना तुमचे आकडे दिसायला हवेत असं वाटत असेल तर निदान इतरांचे लपवा. चौकशीच्या संदेशांना उत्तरं द्यायची वेळ प्रोफाइलवरच लिहून ठेवा, ‘संध्याकाळी सहा ते सात’ अशी. गिऱ्हाईक तेवढं थांबतं. जे थांबत नाही, ते पैसे देतानाही घासाघीस करतं, असं बोधचित्रं काढणारी माझी मैत्रीण म्हणते.